येळवस आली कुठून? औशाच्या शिवारातली सुट्टी, तिच्यातले कानडी शब्द आणि कोपीतले पाच पांडव

औसा : मार्गशीर्ष महिन्याची अमावस्या आली की लातूर शहरातले रस्ते सकाळी दहालाच ओस पडतात. दुकानांची शटर खाली असतात, शाळा बंद असतात, रिक्षा शोधून सापडत नाही. अख्खं शहर गावाकडं गेलेलं असतं आणि अख्खं गाव रानात. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली पोरं दिवाळीला आली नाहीत तरी चालतं, पण येळवसला यायलाच पाहिजे, अशी इकडची रीत आहे.

बाहेरच्या जिल्ह्यातला माणूस विचारतो, हा कुठला सण? नगर, नाशिक, कोल्हापूरकडं हा सण माहीत नाही. विदर्भातही नाही. मराठवाड्यातसुद्धा बीड, जालना, परभणीच्या बऱ्याच भागात येळवस कुणी करत नाही. लातूर आणि धाराशिव हे दोन जिल्हे, त्यांना लागून असलेला नांदेड-सोलापूरचा काही भाग, आणि सीमेपलीकडं कर्नाटकातले बिदर, कलबुर्गी व त्याखालचे उत्तर कर्नाटकातले जिल्हे, एवढ्यातच ही अमावस्या अशी साजरी होते. सण कुठून आला, याचं उत्तर या नकाशातच आहे.

नाव पाच, सण एक

या सणाला बोलताना येळवस म्हणतात. कुणी येळी अमावस्या म्हणतं. पेपरात वेळ अमावस्या किंवा वेळा अमावस्या छापून येतं. सरकारी आदेशात आणि कॅलेंडरात दर्शवेळा अमावस्या असंही लिहिलेलं असतं.

वेळ म्हणजे टाइम, असा अर्थ लावून बरेच जण गोंधळतात. या सणाचा आणि घड्याळाच्या वेळेचा संबंध नाही. कानडीत तिळाला 'एळ्ळु' म्हणतात, आणि याच दिवसाला कर्नाटकात 'एळ्ळ अमावास्ये' म्हणजे तिळाची अमावस्या असं नाव आहे. कानडी बोलताना शब्दाच्या सुरुवातीचा 'ए' हा 'ये' सारखा ऐकू येतो. त्यामुळं एळ्ळ अमावास्येचं आपल्याकडं येळ-अवस आणि पुढं येळवस झालं.

मग त्यात 'वेळ' कुठून शिरली? गावाकडच्या बोलीत वेळेला येळ म्हणतात, वेड्याला येडा म्हणतात, वेशीला येस म्हणतात. शिकलेल्या माणसानं लिहिताना 'येळ' दिसलं की ते 'वेळ' असं दुरुस्त करायचं, ही सवयच आहे. येळवसच्या बाबतीतही तेच घडलं. चुकलेला नसलेला शब्द दुरुस्त केला गेला आणि वेळ अमावस्या तयार झाली. त्याच्या पुढं 'दर्श' लागलं. संस्कृतात दर्श म्हणजे अमावस्याच. म्हणजे दर्शवेळा अमावस्या या नावात अमावस्या दोनदा आली आणि तीळ मात्र गायब झाले.

बोलीतला 'येळवस' हा शब्द अशुद्ध नाही. उलट तोच मूळ नावाच्या जास्त जवळ आहे. पोरांना वहीत येळवस लिहिलं म्हणून कुणी लाल खूण केली, तर हे सांगायला हरकत नाही.

ताटातले आणि रानातले कानडी शब्द

फक्त नावच नाही, येळवसच्या दिवशी जे जे हाताळलं जातं त्यातल्या कितीतरी गोष्टींची नावं दोन्ही भाषांत सारखी आहेत.

आदल्या दिवशी ज्वारीचं पीठ आंबवून, शिजवून, त्यात ताक घालून अंबील करतात. कानडीत तिला अंबली म्हणतात. ती ज्या मडक्यात भरून डोक्यावर रानात नेतात, त्याला बिंदगी म्हणतात. कानडीत पाण्याच्या घागरीला बिंदिगे म्हणतात. बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे. कानडीत उंडे म्हणजे गोळा, लाडू. भज्जीला बिदर-कलबुर्गीकडंही भज्जीच म्हणतात, आणि तिकडंही ती याच दिवशी रानात खातात.

सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे 'चर'. पूजा झाली की अंबील, भज्जी आणि नैवेद्याचं अन्न उभ्या पिकात शिंपडत शेताला फेरी मारतात. त्याला आपण चर शिंपणं म्हणतो. उत्तर कर्नाटकात याच विधीला 'चरग चेल्लुवुदु' म्हणतात. चेल्लु म्हणजे सांडणं, शिंपडणं. संस्कृतात देवाला वाहायच्या शिजवलेल्या धान्याला चरू म्हणतात, तोच हा चर.

चर शिंपताना एक जण पुढं शिंपडत चालतो आणि मागून पोरंसोरं आरोळी ठोकतात. त्या आरोळीचे शब्द लहानपणापासून सगळ्यांना पाठ असतात, पण अर्थ विचारला तर आजोबाही हसून सोडून देतात. कारण ते शब्द मराठी नाहीतच. सीमेपलीकडचा शेतकरी त्याच दिवशी रानात 'हुलिग्यो' अशी सुरुवात असलेली आरोळी देतो. दोन्ही आरोळ्या शेजारी ठेवून ऐकल्या तर चाल एक, ठेका एक, शब्द तेवढे तोंडातोंडी घासून बदललेले. बांधावरचे दगड घासतात तसे.

मग लातूर कर्नाटकात होतं का?

आज जी रेघ महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या मध्ये आहे, ती १९५६ सालची आहे. सण तिच्यापेक्षा कितीतरी जुना.

आठव्या ते दहाव्या शतकात दख्खनवर राज्य करणारे राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूर' या श्रेष्ठ नगराचे स्वामी म्हणवत. लट्टलूर म्हणजे आजचं लातूर. त्यांची राजधानी होती मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. राष्ट्रकूटांच्याच दरबारात नवव्या शतकात तयार झालेल्या 'कविराजमार्ग' या कानडी ग्रंथात कानडी मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. औसा, निलंगा, उदगीर हा सगळा भाग गोदावरीच्या दक्षिणेला येतो. राष्ट्रकूटांनंतर आलेल्या चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, निलंग्यापासून फार लांब नाही. या भागात कानडी शिलालेखही मिळालेले आहेत.

औसा तालुक्यातल्या खरोशाच्या लेण्या तर त्याच्याही आधीच्या, साधारण सहाव्या शतकातल्या मानल्या जातात. म्हणजे इथं वस्ती, शेती आणि देवधर्म चौदाशे-पंधराशे वर्षांपासून तरी चालू आहे.

पुढं बहामनी, बरीदशाही, निजामशाही, आदिलशाही, मोगल आणि शेवटी हैदराबादचा निजाम असे धनी बदलत गेले. औशाच्या किल्ल्यावर झेंडे बदलले. पण निजामाच्या राज्यातही मराठी, कानडी आणि तेलुगू मुलूख एकाच छत्राखाली होता. औसा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, तर निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके थेट बिदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यं भाषेनुसार नव्यानं आखली गेली, तेव्हा हे तीन तालुके बिदरमधून काढून उस्मानाबादला जोडले गेले आणि उरलेल्या बिदरचा बराचसा भाग म्हैसूर राज्यात गेला. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला.

म्हणून 'हा सण आपला की कानड्यांचा' हा प्रश्नच चुकीचा आहे. काळ्या मातीचा एक पट्टा होता, त्यात ज्वारी पिकत होती, माणसं दोन्ही भाषा बोलत होती, सोयरिकी इकडून तिकडं होत होत्या. सण त्या पट्ट्याचा आहे.

मार्गशीर्षातच का?

रब्बीची ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरतात. मार्गशीर्ष अमावस्या डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत कधीही येते. तेव्हा ज्वारी कमरेच्या वर गेलेली असते, पोटऱ्यात असते किंवा नुकती निसवत असते. हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, करडई उभी असते, गहू हिरवागार असतो. तूर काढणीला आलेली असते. म्हणजे पीक दिसतंय, पण घरात आलेलं नाही. कणसात दाणा भरायचा आहे. थंडी, धुकं, कीड, पाखरं, सगळ्यांची भीती अजून बाकी आहे.

म्हातारी माणसं सांगतात, की या दिवसांत काळी आई गरोदर असते. गरोदर बाईला जसं डोहाळजेवण, तसं मातीला येळवस. म्हणून तिच्याच अंगावर बसून, तिचंच पिकलेलं, तिला आधी देऊन मग खायचं. दसरा-दिवाळीला खरीप घरात आलेलं असतं, तो मिळाल्याचा आनंद असतो. येळवस मात्र मिळायच्या आधीची आहे. ती विनवणी आहे.

उभ्या पिकाची अशी पूजा जगात इतरत्रही होती. दोन हजार वर्षांपूर्वी रोममधले शेतकरी मे महिन्यात 'अंबरवालिया' नावाचा सण करत. उभ्या पिकाभोवती फेरी मारायची आणि धान्याच्या देवीला साकडं घालायचं. तिकडचं पीक मेमध्ये दाण्यावर येतं म्हणून सण मेमध्ये, आपलं मार्गशीर्षात. अंतर हजारो मैलांचं, पण शेतकऱ्याच्या पोटातली धाकधूक एकच.

तिळाचंही कारण आहे. अमावस्येला पितरांना तीळ वाहायची रीत देशभर आहे. शिवाय थंडीत तीळ आणि बाजरी अंगाला ऊब देतात. म्हणून येळवसच्या ताटात तिळाची पोळी आणि बाजरीचे उंडे असतात, आणि तिथून काही दिवसांतच संक्रांतीचा तिळगूळ येतो.

कोपी, पांडव आणि भज्जी

येळवसची तयारी दोन दिवस आधी सुरू होते. रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोपी घालतात. तिच्यात पाच दगड मांडून त्यांना चुना आणि काव लावतात. हे पाच पांडव. सोबत लक्ष्मीची पूजा होते. उत्तर कर्नाटकातही या दिवशी शमीच्या झाडाखाली पाच दगड मांडून त्यांना पांडव म्हणतात. पांडवांनी वनवासात रानात दिवस काढले, म्हणून रानातल्या माणसाचे राखणदार तेच, असं सांगितलं जातं. देवळातल्या देवाला पुजारी लागतो. या देवांना लागत नाही. ज्याचं रान, तोच पुजारी.

भज्जी म्हणजे शिवाराचं हजेरीपुस्तक. तुरीचे दाणे, हरभऱ्याचे सोले, वाटाणा, वालाच्या शेंगा, मेथी, कांद्याची पात, गाजर, बोरं, चिंच, जे जे त्या वेळी रानात आणि बांधावर आहे ते सगळं बेसन लावून एकत्र शिजवलेलं. ज्या शिवारात पिकं जास्त प्रकारची, तिथली भज्जी जास्त चवीची. तिच्यासोबत उंडे, धपाटे, तिळाची आणि शेंगाची पोळी, गव्हाची खीर आणि गाडग्यातून अंबील.

संध्याकाळी काही गावांत नव्या मडक्यात दूध तापवून उतू घालवतात आणि ते कोणत्या बाजूला सांडलं त्यावरून पुढच्या पावसाचा अंदाज बांधतात. काही ठिकाणी कडब्याचा टेंभा पेटवून पिकाभोवती फिरवतात. मग सगळे घरी येतात.

या सगळ्या स्वयंपाकामागं घरातल्या बायांची एक पूर्ण रात्र जाते, हेही लिहून ठेवायला हवं. उंडे वाफवायचे, पोळ्या लाटायच्या, अंबील घुसळायची, आणि सकाळी उठून टोपली डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या आधी रानात हजर. सुट्टी सगळ्यांना असते, पण त्यांच्या वाट्याला ती उशिरा येते.

ज्याला रान नाही त्यानं काय करायचं?

येळवसचा एक नियम कुठंच लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. आज रानात आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय सोडायचं नाही. ओळख नसली तरी चालेल, धर्म कोणताही असो. शेत नसलेले शेजारी, ऑफिसातले लोक, मुसलमान मित्र, गावात बदलून आलेले गुरुजी, सगळ्यांना आठवडाभर आधी आवतण असतं. एका दुपारी चार कोपीत चार वेळा जेवलेला माणूस इथं नवल नाही.

पण जुन्या काळचं चित्र सगळंच गोड नव्हतं. गावातल्या इतर पंगतींसारखी इथल्या पंगतीतही जातीची रेघ होती. ज्यांच्या घामावर रान पिकायचं, त्या सालगड्यांना आणि मजुरांना लांब बसून जेवावं लागे. ही रेघ ज्या ज्या बांधावर पुसली गेली, तिथं येळवस खऱ्या अर्थानं सगळ्या गावाची झाली.

सुट्टी कोण देतं?

येळवस ही सगळ्या महाराष्ट्राची सुट्टी नाही. राज्य सरकार दरवर्षी जी सार्वजनिक सुट्ट्यांची यादी काढतं, त्यात ती नसते. जिल्हाधिकाऱ्यांना वर्षाला तीन स्थानिक सुट्ट्या देण्याचा अधिकार आहे. त्यातून लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत येळवसची सुट्टी जाहीर होते. या सुट्टीत सरकारी कार्यालयं आणि शाळा बंद असतात. बँका आणि कोर्टांना मात्र स्थानिक सुट्टी लागू होत नाही. बँकेचं, पीककर्जाचं किंवा तारखेचं काम असेल तर हे आधी लक्षात घ्यावं.

तारीख दरवर्षी बदलते, आणि गंमत म्हणजे काही इंग्रजी वर्षांत येळवस येतच नाही. २०२२ साली ती दोनदा आली, २ जानेवारी आणि २३ डिसेंबरला. २०२३ साली अधिक श्रावण आला, सण पुढं ढकलले गेले आणि त्या वर्षात येळवस एकदाही आली नाही. ती थेट ११ जानेवारी २०२४ ला आली, आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला पुन्हा आली.

याच तालुक्यात १७ सप्टेंबरलाही झेंडा फडकतो. त्याचा उगम तारखेसकट सांगता येतो. १९४८ साली भारतीय फौजांच्या कारवाईनंतर निजामानं शरणागती पत्करली आणि मराठवाडा मोकळा झाला. एक दिवस इतिहासानं दिलेला, एक मातीनं दिलेला. पहिल्याची तारीख कधी बदलत नाही, दुसऱ्याची दरवर्षी बदलते.

भूकंपानंतरचं रान

औसा तालुक्यातल्या किल्लारीचं नाव ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जगाला कळलं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांत सुमारे दहा हजार जीव गेले. ५२ गावं नव्या जागेवर वसवली गेली. काहींच्या जमिनी नव्या गावठाणात गेल्या.

घर गेलं, वाडा गेला, वेस गेली, देवळं गेली. पण शेतं होती तिथंच राहिली. पुढची येळवस जानेवारी १९९४ मध्ये आली. जुन्या गावाची ओळख सांगणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी त्या भागात जागेवर उरल्या, त्यात रानातली ही पांडवांची जागा होती.

आता काय बदलतंय?

आज लातूर म्हणजे सोयाबीन. खरिपात सोयाबीन, त्यावर हरभरा, पाणी असेल तर ऊस. रब्बी ज्वारीला काढणीला मजूर लागतो, मजुरी परवडत नाही, म्हणून अनेकांनी ती सोडली किंवा जनावरांपुरती ठेवली. ज्वारी गेली की कडबा गेला, आणि कडबा नसेल तर कोपी कशाची घालायची? आता कुठं उसाच्या वाढ्याची, कुठं तुराट्यांची, कुठं जुन्या साड्यांची, तर कुठं हिरव्या नेटची कोपी दिसते. भज्जीतल्या शेंगाही बाजारातून येतात. चर शिंपायला उभी ज्वारी नसेल तर हरभऱ्यात शिंपतात.

दुसरा बदल जास्त खोल आहे. वाटण्या होऊन रानं लहान झाली. कुणाची रस्त्यात गेली, कुणाची प्लॉटिंगमध्ये, कुणाची कर्जापायी. विकताना सातबाऱ्यावर विहीर, झाडं, बोअर सगळं चढतं. पांडवांचे पाच दगड कुठल्याच कागदावर नसतात. ज्यानं रान विकलं, त्याच्या येळवसचं काय होतं, हे त्याच्या घरच्यांनाच ठाऊक.

म्हणून यंदाच्या येळवसला आवतणं देताना एक नाव जास्त धरायला जागा आहे. गावात ज्याचं रान गेल्या दोन-चार वर्षांत गेलं, त्याला आधी बोलवायचं. पंगतीला तर बसवायचंच, पण त्याआधी अंबिलाची बिंदगी त्याच्या हातात देऊन चर शिंपायला पुढं करायचं. आरोळी त्याला पाठ असतेच.